कोपऱ्यातला जांभळा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे आणि स्वभावाने भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याकडून कुणी शौर्याची अपेक्षा धरणार नाही. तलवारींनी आणि तोफांनी आपापली आत्मवृत्ते सांगावीत आणि छाती फुगवावी. माझे सगळे आयुष्य एका दवाखान्यात, केसपेपरच्या खिडकीमागे, शाईच्या डबीला खेटून गेले. माझ्या तोंडावर एकच शब्द कोरलेला आहे, ‘फिरस्ते’. या एका शब्दाने मला आयुष्यभर पुरेल इतकी भीती दिली.

माझी मूठ एका मोडक्या खुर्चीच्या पायातून कापलेली आहे. शिक्के करणाऱ्या कारागिराने ती घासूनपुसून गुळगुळीत केली आणि रबर चिकटवण्याआधी गिऱ्हाइकाला पुन्हा एकदा विचारले, “एवढा एकच शब्द? तारीख नको, गोल कडं नको, दवाखान्याचं नावही नको?”

“नको,” गिऱ्हाईक म्हणाले. “छोटाच हवा. खाली मला लिहायला जागा लागते.”

ते गिऱ्हाईक म्हणजे आमचे थोरले डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यात रुग्णांची नोंद पत्त्यावर होत असे. गल्लीगल्लीच्या वह्या होत्या. पण काही माणसांना गल्लीच नव्हती. सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे, तुटक्या छत्र्या सांधणारे, दोरीवरून चालणारे, औषधी मुळ्या विकणारे. आज या गावाच्या कडेला तंबू, महिन्याने पुढच्या. एकदा एक म्हातारा पोटाशी हात धरून खिडकीशी उभा होता. “पत्ता?” तर म्हणाला, “आज नदीकाठी.” “आणि उद्या?” तर म्हणाला, “ते पोट बरं झाल्यावर सांगतो.” रांग हसली आणि म्हातारा औषधाशिवाय परत गेला. ते डॉक्टरांना समजले तेव्हा ते इतके चिडले की त्यांनी दुसऱ्याच दिवशी एक वेगळी वही घातली आणि मला बनवून आणले.

“हा शिक्का ज्या कागदावर असेल, त्याला पत्ता विचारायचा नाही,” त्यांनी खिडकीवर सांगितले. “त्याचं दुखणं बघायचं आणि औषध द्यायचं.”

त्या काळी माझा अर्थ एवढाच होता. केसपेपरच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात मी उमटे, जांभळा आणि ठसठशीत. माझ्याखाली डॉक्टर रुग्णाचे नाव आणि वहीतला नंबर घालत. आणि रुग्णाला एखादे औषध सोसत नसेल, तर ते त्याच कोपऱ्यात लाल शाईने लिहीत. गावातला रुग्ण फिरून त्यांच्याकडेच येणार, पण ही माणसे उद्या कुठल्या गावी, कुणापुढे जातील याचा नेम नाही, म्हणून पुढच्या डॉक्टराची नजर पहिल्यांदा जाईल तिथेच धोक्याची सूचना. ही त्यांची खास रीत होती. माझे काम आणि त्यांचे लाल अक्षर कायम शेजारी शेजारी.

मला तेव्हा केवढा मान होता! माणसे तो कागद मेणकापडात गुंडाळून, डब्यात घालून जपत. “जांभळा आहे ना, मग झालं,” असे एकमेकांना सांगत. मी फुगून जात असे. पण गर्वाचे घर खाली असते आणि माझे घर तर आधीच टेबलाच्या कडेला होते.

थोरले डॉक्टर म्हातारे झाले आणि निवृत्त होऊन लेकाकडे दूर निघून गेले. त्यांच्या जागी नवे साहेब आले. साहेब वाईट नव्हते, पण त्यांना कागदावर सगळे कसे जागच्या जागी लागे. त्याच वर्षी गावाबाहेरच्या एका बागेतून पाण्याचा पंप चोरीला गेला. तिथून जवळच काही तंबू होते. झाले! बाहेरून आलेल्यांची यादी करा, असा हुकूम निघाला. यादी कुठे मिळणार, याचा शोध घेता घेता साहेबांना माझी आठवण झाली. यादी तर दवाखान्यात तयारच होती. जी वही औषधासाठी घातली होती, तिच्यातलीच नावे पोलिसांच्या पथकाने उतरवून नेली.

पंप पुढे सापडला. तो बागवाल्याच्या मेहुण्यानेच नेला होता. पण नियम एकदा आला की तो पाहुण्यासारखा थोडाच जातो! साहेबांनी परिपत्रक काढले. माझा ठसा ज्याच्या केसपेपरवर पडेल, त्याच्या नावाची एक चिठ्ठीही करायची, तिच्यावरही मीच पडायचे आणि ती चिठ्ठी दारावरच्या शिपायाकडे द्यायची. शिपाई ती पथकाला नेऊन देई. पथक संध्याकाळपर्यंत तंबूपाशी पोहोचे, सामान बाहेर टाकी आणि माणसांना हद्दीबाहेर घालवी. हाताने लिहिलेली चिठ्ठी चालणार नाही, असे परिपत्रकात बजावलेले होते. शिक्का हवाच.

तेव्हापासून मला शाईच्या डबीची भीती वाटू लागली. झाकण उघडल्याचा आवाज आला की माझे रबर आकसून जाई. मला माझा शब्द कधी वाचता आला नाही, तो तोंडावर उलटा कोरलेला आहे. तो मी माणसांच्या चेहऱ्यांवरून वाचत आलो. पूर्वी तो पाहून चेहरे सैल पडत. आता आवळले जाऊ लागले. एकदा एक बाई आपल्या पोराला रांगेत दटावत होती, “फिरस्त्यासारखा काय हिंडतोस, चोर कुठला!” मी ऐकत होतो. मी तोच होतो, शाई तीच होती आणि माझ्या नावाने आता लोक लेकरांना शिव्या घालत होते. आणखी एक गोष्ट माझ्या तेव्हा लक्षात आली. इतक्या वर्षांत खिडकीशी येऊन कुणीही ‘आम्ही फिरस्ते’ असे म्हटले नव्हते. ती म्हणत, आम्ही धारवाले, आम्ही छत्रीवाले, आम्ही दोरीवाले. फिरस्ते हे आम्हीच म्हणत होतो.

हळूहळू ती माणसे यायची थांबली. एक खोकणारे आजोबा खिडकीपर्यंत आले, माझ्याकडे टक लावून पाहिले आणि तोंडाला फडके लावून माघारी वळले. त्यांचे पुढे काय झाले, मला माहीत नाही. त्यांचा खोकला मला अजून ऐकू येतो.

आता त्या दुपारची गोष्ट सांगतो.

खिडकीवर काकू बसायच्या. थोरल्या डॉक्टरांच्या वेळेपासून त्या तिथे होत्या. चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला, जीभ तिखट. डॉक्टर सोडून कुणालाही त्या ‘अहो’ म्हणत नसत. दुपारी बारा वाजता एक बाई खांद्यावर पोरीला घेऊन आली. पोर सात-आठ वर्षांची असेल. मान लुळी पडलेली, ओठ सुकलेले, श्वासाला घरघर. बाईच्या उजव्या हाताच्या बोटांवर बारीक बारीक कापल्याच्या खुणा होत्या. धारवाल्यांच्या हातावर असतात तशा. मी त्या खुणा ओळखल्या आणि माझे अवसान गळाले.

“पूर्वीचा कागद आहे?” काकूंनी विचारले.

बाईने मेणकापडातून केसपेपर काढला. किती जपून ठेवला होता! एकही घडी मोडलेली नव्हती. फक्त उजवा वरचा कोपरा नव्हता.

“हा कोपरा कुठे गेला?”

“उंदरानं खाल्ला.”

“आणि नंबर? नाव-नंबर त्या कोपऱ्यात असतो, बाई. तो नसेल तर मी जुनी नोंद कशी शोधू? नाव काय पोरीचं? राहता कुठे?”

“सोनी,” बाई म्हणाली. “गिरणीच्या मागे राहतो.” बोलताना तिने दाराकडे पाहिले. शिपाई दारात स्टुलावर बसून नखे कोरत होता.

मित्रांनो, तुम्हाला कळले असेलच. तो कोपरा कुठल्याही उंदराने खाल्ला नव्हता. पोरीच्या आईने तो स्वतःच्या हाताने फाडला होता. गेल्याच महिन्यात दुसऱ्या एका गावी असाच कागद दाखवल्यावर तिच्या नवऱ्याला धरून नेले होते आणि त्याचे धार लावायचे चाकही जप्त झाले होते. हे तिने नंतर काकूंना सांगितले. तिला वाचता येत नव्हते, पण जांभळा शब्द तिला दुरूनही ओळखू येई. तेवढाच फाडला की बाकीचा कागद निर्दोष राहील, असे तिला वाटले. त्या शब्दाखाली लाल अक्षरांत काय लिहिले आहे, ते तिला कधी कुणी वाचून दाखवलेच नव्हते. पोर तीन वर्षांची असताना तिला सासूने दवाखान्यात आणले होते. आई तेव्हा गल्लोगल्ली चाक फिरवत होती. ‘कागद जपा’ एवढा निरोप सासूने तिला दिला आणि पुढे सासू वारली.

काकूंनी गिरणीमागच्या गल्लीची वही चाळली. सोनी सापडली नाही. मग त्यांनी नवा केसपेपर केला आणि बाईला आत पाठवले. तपासणीची खोली खिडकीला लागूनच होती, मधला पडदा अर्धा उघडा होता. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि सकाळपासून त्यांना घोटभर पाणी प्यायलाही सवड झाली नव्हती.

“घसा खूप सुजलाय. ताप एकशे चार आहे,” त्या म्हणाल्या. “पूर्वी कधी इंजेक्शनचा त्रास झाला होता हिला?”

“नाही.”

“नक्की?”

“कधी झालाच नाही, मॅडम.”

“बरं. सिस्टर, पेनिसिलिन काढा. आधी थेंबभर टोचून बघू, मग पूर्ण देऊ.”

बाहेर काकूंच्या हातात तो जुना कागद राहिला होता. त्या तो फाइलीला लावणार, इतक्यात त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. फाटलेली कड सरळ होती. उंदराचे दात इतके शहाणे नसतात. कडेवर जांभळ्या शाईचा एक ठिपका उरला होता आणि त्याच्या खाली, केसाएवढा, लाल अक्षराचा एक शेपटा.

जांभळ्या शाईचे डाग काय, कुठल्याही कागदावर पडत. पण लाल! थोरले डॉक्टर लाल पेन उगाच उघडत नसत. काकूंचा चेहरा उतरलेला मी पाहिला. आणि मित्रांनो, मी काय केले? काहीच नाही. मी शाईच्या डबीशेजारी उभा होतो आणि माझ्यामुळे फाटलेल्या कागदाकडे बघत होतो. त्या लाल अक्षरांत काय होते, ते मला ठाऊक होते. मी त्यांच्या डोक्यावरच तर उमटलो होतो.

काकू उठल्या, शिपायाला कळू नये म्हणून हाक न मारता पडद्यापाशी गेल्या आणि त्यांनी बाईला दंडाला धरून बाजूला घेतले.

“खरं सांग,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “तुम्ही फिरस्ते ना?”

बाईने मेणकापड घट्ट धरले.

“अगं, लाल शाईनं काहीतरी लिहिलं होतं तिथे. काय ते मला आठवत नाही. हजार कागद गेलेत या हातांखालून. तुमची वही वेगळी आहे, त्यात सापडेल. पण पोरीचं खरं नाव सांगितल्याशिवाय मी शोधू कशी?”

बाईने दाराकडे पाहिले. शिपाई नखे कोरायचा थांबला होता आणि कान टवकारून बसला होता. तिने पोरीकडे पाहिले. सिस्टर हातावर कापूस चोळत होत्या. मला वाटले, ही बोलणार नाही. नवरा गेला, चाक गेले, आता उरलासुरला तंबूही जाईल, या भीतीने ही तोंड मिटून घेईल आणि ते मिटलेले तोंड माझ्यामुळे असेल. एवढी भीती मला पूर्वी कधी वाटली नव्हती आणि पुढेही वाटू नये.

“आई गं,” पोर सुईकडे बघून पुटपुटली.

“थांबा!” बाई ओरडली. सगळा दवाखाना वळून पाहू लागला. “टोचू नका! आहोत आम्ही फिरस्ते. धारवाल्यांची भिंगरी आहे ही. लिहा काय लिहायचं ते, हाकला कुठं हाकलायचं तिकडं, पण आधी माझ्या पोरीचं बघा!”

सिस्टरचा हात तिथल्या तिथे थांबला. काकूंनी कपाटातून फिरस्त्यांची वही ओढली. एक पान, दुसरे पान, मग पाच वर्षांपूर्वीचे. ‘धारवाल्यांची भिंगरी, वय तीन.’ पुढे लाल अक्षरे होती. काकूंनी ती तिथूनच मोठ्याने वाचली, “पेनिसिलिन देऊ नये. तपासणीच्या पहिल्याच थेंबाला श्वास बंद पडला. मोठ्या कष्टाने वाचली.”

डॉक्टरीणबाईंनी सुई ट्रेमध्ये ठेवली. बाईला आता कुठे कळले होते की तिने त्या जांभळ्या शब्दाबरोबर काय फाडून टाकले होते. ती रडली नाही. नुसते स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली.

भिंगरीला दुसरे औषध सुरू झाले आणि आतल्या वॉर्डात खाट मिळाली. पण शिपाई काही बहिरा नव्हता. तो खिडकीशी येऊन उभा राहिला.

“काकू, चिठ्ठी करा. सगळ्या गावानं ऐकलंय.”

काकूंनी चिठ्ठीवही उघडली. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांनी मला उचलले, डबीतल्या शाईवर दाबले आणि हात कागदावर आणला. मी डोळे मिटून घेतले. शिक्क्याला डोळे नसतात, हे मला माहीत आहे, पण मी मिटून घेतले. आणि हात खाली आलाच नाही. काकूंनी मला टेबलाखाली नेले आणि मुठीत घट्ट आवळले.

“शिक्का सापडत नाहीये,” त्या म्हणाल्या.

शिपाई गेला तो साहेबांनाच घेऊन आला.

“असा कसा सापडत नाही? इथेच असतो ना?”

“असतो, साहेब. आता नाहीये.”

“मग हाताने लिहून द्या.”

“हाताची चिठ्ठी चालत नाही, साहेब. तुम्हीच परिपत्रक काढलंत. भिंतीवर लावलंय, वाचून दाखवू का?”

साहेबांनी भिंतीकडे पाहिले. खाली त्यांचीच सही होती. मग नवा शिक्का करायला टाका, असे शिपायाला सांगून आत निघून गेले. मी काकूंच्या मुठीत गुदमरत होतो. तळहाताला घाम सुटला होता. नोकरीची एवढी वर्षे झाल्यावर काकूही माझ्याइतक्याच घाबरल्या होत्या, हे मला त्या घामावरून कळले.

नवा शिक्का यायला तिसरा दिवस उजाडला. तेवढी मुदत भिंगरीला मिळाली. ताप उतरला, पोर उठून बसली. काकूंनी नव्या कागदावर कोपऱ्यात काही लिहिले नाही. मधोमध, आडवे, बोटभर अक्षरांत लाल शाईने पेनिसिलिनची सूचना लिहिली आणि मायलेकींना ती पाठ करायला लावली.

“म्हण, मला पेनिसिलिन चालत नाही.”

“मला पेनिसिलिन चालत नाही,” भिंगरी घोगऱ्या आवाजात म्हणाली.

“पुन्हा म्हण. कागद हरवला तरी हे हरवायचं नाही.”

तिसऱ्या दिवशी सकाळी खाट रिकामी होती. चादर घडी करून ठेवलेली होती. पाच दिवसांच्या गोळ्या त्यांनी बरोबर नेल्या. मायलेकी कुठे गेल्या, वडील सुटले की नाही, मला कळलेले नाही. ते आठवले की माझे अजून पाणी पाणी होते.

माझे म्हणाल, तर त्या दुपारी काकूंनी मला पिशवीत टाकले. नळाखाली हात धुताना त्यांना दिसले की आवळताना मी त्यांच्या तळहातावर उमटलो आहे. जांभळा, ठसठशीत, एकही अक्षर न तुटता. साबणाने गेला नाही. राखेने गेला नाही. घरी जाताना पावाच्या दुकानात त्यांनी उजवा हात पिशवीआड धरला आणि डाव्या हाताने पाव घेतला. दुकानदार वर्षानुवर्षांच्या ओळखीचा, तरी म्हणाला, “काकू, हात का लपवताय?” त्या सुटे पैसे न घेताच निघाल्या. बसमध्ये त्यांनी दांडा धरला नाही, तोल जात होता तरी. घरी सुनेने विचारले तर “शाई सांडली” म्हणाल्या आणि मूठ मिटली. अशा त्या चार दिवस मूठ मिटून हिंडल्या. स्वयंपाकघरात एकट्या असताना त्यांनी ती उघडली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, “माझं तरी चार दिवसांत पुसलं जाईल.”

आता मी त्यांच्या शिवणाच्या डब्यात आहे, बटणांच्या आणि तुटक्या सुयांच्या संगतीत. माझे रबर वाळून भेगाळले आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला विसरू नका, आम्हाला जपा. माझे उलटे आहे. मला मुळीच जपू नका. पण त्या खिडकीवर आता नवा शिक्का बसला आहे. त्याच्या पोटातच शाई आहे म्हणे, डबीचीही गरज नाही. तो दिवसभर खटाखट चालतो. मोठे झाल्यावर तुमच्यापैकी कुणीतरी अशाच एका खिडकीमागे बसेल आणि तो शिक्का त्याच्या हातात येईल. तेव्हा कुणाच्या कागदावर मारण्याआधी तो एकदा स्वतःच्या तळहातावर मारून पाहा. मग तोच हात पुढे करून दुकानातून एक पाव घेऊन या.